सुटा भाग, बांधलेलं विमान

२०१९ साली फ्रान्सहून निघालेली पाच लढाऊ विमानं जहाजात बसून अर्जेंटिनाला पोचली. सुपर एतांदार हे त्यांचं नाव. विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडण्यासाठी दासो कंपनीनं बनवलेली, फ्रेंच नौदलानं वापरून निवृत्त केलेली ही विमानं. पाचांची मिळून किंमत सव्वा कोटी युरोच्या आसपास, म्हणजे लढाऊ विमानांच्या बाजारात कवडीमोलच. अर्जेंटिनाच्या नौदलाला हे विमान नवं नव्हतं, त्याच जातीची विमानं त्यांनी स्वतः लढाईत वापरली होती. तरीही या पाचांतलं एकही विमान तिथं कामाला लागलं नाही.

अडलं ते वैमानिकाच्या खुर्चीपाशी. संकटात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणा ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीची होती. या आसनात लहान लहान स्फोटक काडतुसं असतात, आणि प्रत्येक काडतुसावर मुदतीची तारीख असते. तारीख उलटली की ते बदलायचं, नाहीतर विमान जमिनीवर. नवी काडतुसं ब्रिटनकडून मिळेनात, कारण १९८२ चं फॉकलंड युद्ध लंडन विसरलेलं नव्हतं. विमान फ्रेंच, विकणारा फ्रान्स, घेणारा अर्जेंटिना. आणि उडायचं की नाही हे ठरवलं मुठीत मावेल एवढ्या ब्रिटिश वस्तूनं.

फॉकलंडमध्येही हेच विमान होतं. अर्जेंटिनानं चौदा सुपर एतांदार मागवली होती, युद्ध पेटलं तेव्हा पाचच हाती आलेली. फ्रान्सनं पुढचा पुरवठा थांबवला. सुटे भाग येणार नाहीत हे दिसताच अर्जेंटिनाच्या नौदलानं एक विमान बाजूला काढलं आणि त्याचे भाग उरलेल्या चारांसाठी राखून ठेवले. या चारांतल्या दोघांनी ४ मे १९८२ रोजी एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली आणि त्यांतल्या एकानं ब्रिटनच्या शेफिल्ड या विनाशिकेचा घास घेतला. पाचांतलं एक मोडायचा निर्णय वरून दिसतो दळभद्री, पण मला तो त्या युद्धातला सर्वांत व्यवहारी निर्णय वाटतो.

दासो हे नाव नागपूरकरांना परकं नाही. जरीपटक्यातून कामठी रोडला आलं की इंदोरा चौकाचं मेट्रो स्टेशन लागतं. तिथं ऑरेंज लाइनची गाडी धरली की मध्ये कुठं बदलायची गरज नाही. झिरो माइल, सीताबर्डी, अजनी, विमानतळ करत शेवटी खापरीला उतरायचं. त्या अंगाला मिहान. तिथं २७ ऑक्टोबर २०१७ रोजी दासो-रिलायन्सच्या कारखान्याची कोनशिला बसली. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला आणि व्यापारावर उभा राहिलेला शहराचा उत्तरेकडचा भाग आणि दक्षिणेकडचं हे विमानांच्या सुट्या भागांचं नवं गाव एकाच गाडीच्या दोन अंगांना आहेत. मिहानच्या या कारखान्यातून फाल्कन २००० या व्यावसायिक जेटचं कॉकपिट २०१९ पासून बाहेर पडू लागलं, आणि राफेलचे काही भागही तिथं बनतात. त्याच परिसरात एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र आहे, बोइंग ७८७ च्या फरशीखालच्या तुळया बनवणारा टाटांचा कारखानाही आहे.

त्याहून जुनी गोष्ट शहराच्या पश्चिमेला आहे. सेमिनरी हिल्स ओलांडून गेलं की वायुसेनानगर. भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथं आहे. इतर कमांड्सचं काम विमान उडवणं, या कमांडचं काम ते उडतं ठेवणं. दुरुस्तीचे डेपो, सामानाची भांडारं यांचा कारभार इथून चालतो. नाशिकजवळच्या ओझरचा ११ बेस रिपेअर डेपो, जिथं मिग-२९ पूर्ण उकलून पुन्हा जोडलं जातं, तोही याच छत्राखाली. नौदलाचा संसार वेगळा, त्याची लढाऊ विमानं गोव्यात दाभोळीच्या आयएनएस हंसावर राहतात. पण सामानाचं दुखणं दोघांचं एकच.

आपल्याकडच्या विमान उद्योगाची सुरुवातही दुरुस्तीतच मुरली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली ती विमानं बनवायला. पण महायुद्धात तो कारखाना अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र झाला आणि हात तिथं तयार झाले.

आता डेकवर काय होतं ते पाहू, कारण जमिनीवरच्या विमानाला जे भाग वर्षानुवर्षं पुरतात ते जहाजावर का पुरत नाहीत, याचं उत्तर तिथं आहे.

धावपट्टीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलतो, विमान तरंगतं आणि चाकं अलगद टेकतात. दोन-तीन किलोमीटर पट्टी समोर असली की ही चैन परवडते. जहाजावर नाही. आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाची सगळी लांबी २६२ मीटर, त्यातला उतरण्याचा तुकडा आणखी लहान, आणि तोही पुढं सरकणारा, वरखाली होणारा. वैमानिक विमान ज्या कोनात खाली आणतो त्याच कोनात ते डेकवर आदळवतो. आदळवतो हाच शब्द बरोबर आहे. ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर वेगानं आलेल्या विमानाच्या शेपटीखालचा लोखंडी हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीला अडकतो आणि दोन-तीन सेकंदांत, शंभरेक मीटरच्या आत विमान थांबतं. गंमत अशी की चाकं टेकताच वैमानिक इंजिनाची ताकद कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. हूक तारेला लागला नाही तर पुढच्या टोकावरून पुन्हा उडावं लागेल म्हणून. म्हणजे एकीकडून इंजिन पूर्ण जोरानं पुढं ओढतंय आणि दुसरीकडून तार मागं खेचतेय, आणि या ओढाताणीच्या मध्ये विमानाचा सांगाडा.

तो झटका हुकापाशी थांबत नाही. हुकाच्या बिजागरीतून तो विमानाच्या कण्यात जातो, तिथून इंजिनाच्या बैठकांत, इंधनाच्या नळ्यांच्या जोडांत, रडारच्या पेट्या ज्या कंसांवर बसवल्या आहेत त्या कंसांत. चाकांचे पाय तर थेट मार खातातच. म्हणून हुकाचं टोक, टायर, ब्रेक, पायातले धक्के शोषणारे भाग हे डेकवरच्या विमानात किराण्यासारखे संपतात. तारही संपते, अमेरिकी जहाजांवर सव्वाशेच्या आसपास उतरणी झाल्या की डेकवरची तार बदलून टाकतात, ती दिसायला धडधाकट असली तरी.

हूक हा भाग दिसायला किती साधा! वाकवलेली लोखंडी सळई, एवढंच. पण अमेरिकेच्या एफ-३५सी या अत्याधुनिक विमानाचा पहिला हूक जमिनीवरच्या चाचणीत आठच्या आठ वेळा तार पकडू शकला नव्हता. मुख्य चाकं आणि हूक यांतलं अंतर कमी होतं; चाकाखाली दबलेली तार वर उसळायच्या आत हूक तिच्यावरून निघून जाई. टोकाचा आकार नव्यानं आखावा लागला. जगातली सर्वांत महागडी विमान योजना एका आकड्यापाशी अडली होती.

उड्डाणाची तऱ्हा वेगळी. विक्रमादित्य आणि विक्रांत या आपल्या दोन्ही जहाजांवर वाफेचा धक्का देणारं यंत्र नाही; पुढचं टोक चौदा अंशांनी वर वळवलेलं आहे. विमान त्या चढावरून धावतं आणि हवेत फेकलं जातं. चढाच्या सुरुवातीला पुढच्या चाकाचा पाय दबतो तो असा की जमिनीवरच्या विमानाचा पाय ते फार दिवस सोसणार नाही.

आणि या सगळ्यावर मीठ. समुद्राची हवा विमानाला बाहेरून तर खातेच, पण तिचा खरा डाव जोडांमध्ये चालतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट बसवला आणि मध्ये खारट ओल शिरली की दोन धातूंची मिळून बारीकशी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. वरून रंग शाबूत, आत पांढरी भुकटी. म्हणून नौदलाच्या विमानात बोल्टवर मुलामा असतो, बोल्ट बसवताना ओला सीलंट लावतात, मॅग्नेशियमसारखे पटकन गंजणारे धातू शक्यतो टाळतात, आणि विमान वरचेवर गोड्या पाण्यानं धुतात. जहाजावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यापासून बनवावं लागतं हे लक्षात घेतलं तर या धुण्याची किंमत कळेल. दाभोळीला बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथं उभ्या असलेल्या जुन्या सी हॉक आणि सी हॅरियरच्या खाली वाकून पाहावं. लोक नाकासमोर उभे राहून फोटो काढतात, पण डेकची कथा पोटाखाली लिहिलेली असते.

जहाज निघालं की आणखी एक पेच. भांडारातली जागा मोजकी, समुद्रात राहायचं अनेक आठवडे. बरोबर काय न्यायचं? टायर किती लागतील याचा अंदाज बांधता येतो, कारण ते ठरल्या गतीनं झिजतात. पण एखादा इंधनपंप पाच वर्षांत एकदा बिघडतो आणि बिघडला की विमान तिथंच बसतं. असा पंप न्यायचा की नाही? प्रत्येक विमानात असे शेकडो भाग असतात. सगळे नेले तर जहाजाचं गोदाम होईल, नाही नेले तर नेमका तोच जाईल. अमेरिकेकडे किनाऱ्यावरून जहाजावर सामान पोचवण्यासाठी खास विमानं आहेत. आपल्याकडे ते काम हेलिकॉप्टर करतं, आणि हेलिकॉप्टरचा पल्ला किती ते सांगायला नको.

सुटा भाग म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जरीपटक्याच्या बाजारात स्कूटरचा ब्रेक-शू मागितला तर दुकानदार विचारणार, ‘भाई साब, कंपनी का दूँ या लोकल?’ दोन्ही बसतात, दोन्हींनी गाडी थांबते, आणि बहुतेक जण लोकल घेऊन निघतात. विमानाच्या दुकानात हा प्रश्नच विचारला जात नाही. तिथं हुबेहूब तसाच, त्याच धातूचा, त्याच मापाचा भाग कागदाशिवाय आला तर तो भंगार.

रबरी ओ-रिंगचं पाकीट घ्या. वर भागाचा क्रमांक, खाली बॅचचा क्रमांक, आणि रबर कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत पक्कं केलं ते छापलेलं. रबर फडताळात पडल्या पडल्याही म्हातारं होतं, म्हणून ती तारीख. पाकीट फाटलं आणि रिंग वेगळी पडली की ती वापरायची नाही; चांगली असली तरी तिची ओळख गेली. मोठ्या भागांचं तर जन्मभराचं बाड असतं. चाकाचा पाय, पंप, जनरेटर, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचं लॉग कार्ड: कोणत्या विमानावर किती तास, किती उतरणी, कधी काढला, का काढला, कुणी तपासला. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांना तर ठरावीक आवर्तनांनंतर, एकही तडा नसताना, निवृत्त करतात.

हातकाम पाहायचं असेल तर लॉकिंग वायर पाहावी. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक असतं. त्यातून बारीक पोलादी तार ओवतात, तिला पीळ देतात आणि शेजारच्या बोल्टच्या भोकात अडकवतात. पीळ असा द्यायचा की एक बोल्ट ढिला व्हायला लागला तर तार दुसऱ्याला घट्ट करील. उलट बाजूनं ओवली तर तार आहे पण तिचा उपयोग नाही, आणि तपासनीस ती कापून पुन्हा करायला लावतो. तारेला दाम फारसं नाही. दाम आहे ते तपासून सही करणाऱ्याला.

या कागदांच्या मुळाशी एक अधिकार असतो. भागाचा आराखडा ज्याच्याकडे, तो सांगणार की तो किती तास वापरायचा, किती झीज चालेल, दुरुस्त करायचा तर कसा. आपल्या देशी लष्करी विमानांसाठी उडण्याच्या लायकीची ही मोहोर बंगळुरूची सेमिलॅक ही संस्था मारते. परदेशी विमानाची मोहोर परदेशात. विमान विकत घेताना आपण धातू घेतो, हा अधिकार सहसा घेत नाही. तो वेगळा विकला जातो, आणि विकणारा तो शक्यतो विकत नाही, भाड्यानं देतो.

नौदलाच्या मिग-२९के या लढाऊ विमानाची हकिकत या भाड्याचीच आहे. रशियाशी २००४ मध्ये ॲडमिरल गोर्शकॉव्ह जहाजाचा सौदा झाला, त्याबरोबर सोळा विमानांचा. २०१० मध्ये आणखी एकोणतीस ठरली. एकूण पंचेचाळीस. फेब्रुवारी २०१० मध्ये पहिली विमानं नौदलात आली, आणि जहाज, विक्रमादित्य होऊन, नोव्हेंबर २०१३ मध्ये. म्हणजे डेकवरची विमानं डेकशिवाय जवळजवळ चार वर्षं गोव्यात.

२०१६ मध्ये महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा अहवाल संसदेपुढे आला तेव्हा आतलं दुखणं चव्हाट्यावर आलं. एका आसनाच्या मिग-२९के ची उड्डाणाला तयार असण्याची टक्केवारी १५.९३ ते ३७.६३ यांच्यामध्ये, दोन आसनांच्या प्रशिक्षण विमानाची २१.३० ते ४७.१४. उघड सांगायचं तर दहा विमानं उभी असतील तर सकाळी कधी दोन उडण्याजोगी, कधी चार. इंजिनांचं आणखी वाईट: ६५ पैकी ४० इंजिनं, म्हणजे ६२ टक्के, रचनेतल्या दोषांमुळे काढून ठेवावी लागली. सांगाडा, इंजिन आणि तारेवरून चालणारी नियंत्रण यंत्रणा या तिन्हींत दोष असताना विमानं स्वीकारली गेली, असं अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. नंतरच्या वर्षांत परिस्थिती सुधारल्याचं नौदल सांगत आलं.

दोष फक्त रशियन कारागिरीच्या माथी मारणं सोपं आहे आणि आपल्याकडे ते हौसेनं केलं जातं. खरं कारण मला वेगळं वाटतं. आपण मागणी दिली तेव्हा या विमानाचा दुसरा गिऱ्हाईक नव्हता. रशियाच्या स्वतःच्या नौदलानं ते २०१२ मध्ये मागवलं, तेही चोवीसच. शेकडो विमानं उडत असतात तेव्हा कोणता भाग किती तासांनी जातो हे आकड्यांतून कळतं आणि भांडार त्याप्रमाणे भरतं. पंचेचाळीस विमानांचा एकटा मालक असला की हे आकडे त्याच्याच विमानांच्या मोडतोडीतून निघतात. आणि अमेरिकेनंही फार नाक वर करू नये: तिच्या नौदलाची एफ/ए-१८ विमानं शेकड्यांनी आहेत, तरी २०१७ च्या सुमारास निम्म्याहून अधिक उडण्याजोगी नव्हती. मोठ्या दुरुस्तीच्या रांगेत आणि भागांच्या वाटेत ती अडकली होती.

सोव्हिएत सामानाला आणखी एक शाप आहे. १९९१ मध्ये देश फुटला तेव्हा कारखाने जिथल्या तिथं राहिले आणि सरहद्दी मधून गेल्या. विमान रशियात जुळायचं, पण त्यातला एखादा भाग युक्रेनमध्ये बनायचा. २०१४ नंतर आणि विशेषतः २०२२ नंतर या दोघांत युद्ध. त्यात निर्बंधांमुळे रशियाला पैसे पोचवणंही जिकिरीचं झालं. माल तयार, पैसे तयार, आणि बँक मध्ये उभी.

सी हॅरियरचं उलट. दाभोळीला पहिली तीन डिसेंबर १९८३ मध्ये उतरली. उभं उतरणारं हे विमान नौदलाच्या व्हाइट टायगर्स स्क्वॉड्रननं तीस वर्षांहून अधिक काळ वापरलं. २००६ मध्ये ब्रिटननं आपली सी हॅरियर निवृत्त केली आणि जगात ती उडवणारे आपण एकटे उरलो. निवृत्त झालेली ब्रिटिश विमानं विकत घ्यावीत असा विचार तेव्हा झाला होता, पण त्यांचं चांगलं रडार सौद्यात मिळणार नव्हतं, ते बारगळलं. विमान जगात एकट्याचं झालं की त्याचा प्रत्येक भाग दुर्मीळ होतो: कारखाना यंत्रं मोडीत काढतो, जुने कामगार निवृत्त होतात, आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक चिपा तर बाजारातून केव्हाच नाहीशा झालेल्या असतात. ११ मे २०१६ रोजी सी हॅरियरनं गोव्यात निरोप घेतला.

त्याच घराण्यातला दुसरा सौदा फार बोलका आहे. २०११ मध्ये ब्रिटननं आपली शेवटची ७२ हॅरियर विमानं अमेरिकेच्या मरीन कोअरला विकली. उडवायला नाही, सुटे भाग म्हणून. अमेरिकेकडे स्वतःची हॅरियर होती आणि ती आणखी बरीच वर्षं चालवायची होती. ब्रिटनमध्ये चांगलं चाललेलं विमान मोडीत विकलं म्हणून ओरड झाली. अमेरिकेनं मात्र एका फटक्यात इंजिनं, पंख, चाकांचे पाय यांचं भांडार भरून घेतलं. अर्जेंटिनानं एक विमान मोडून चार उडवली होती, इथं बहात्तर.

कधी मालकाला विमानं मोडायची असतात ती दुसऱ्याला भाग मिळू नयेत म्हणून. अमेरिकी नौदलाचं एफ-१४ टॉमकॅट हे पंख मागंपुढं फिरवणारं प्रचंड विमान. अमेरिकेबाहेर ते एकाच देशाला विकलं गेलं, शहाच्या इराणला. ७९ विमानं पोचली, आणि १९७९ मध्ये तिथं क्रांती झाली. मित्राचा शत्रू झाला, सुटे भाग बंद. इराणनं ती विमानं इराकशी आठ वर्षांच्या युद्धात आणि नंतरही उडवली: काही भाग घरी बनवून, काही एकाचं काढून दुसऱ्याला लावून, काही चोरबाजारातून. २००६ मध्ये अमेरिकेनं टॉमकॅट निवृत्त केलं. लष्कराचं जुनं सामान तिथं लिलावात विकलं जातं, आणि त्या लिलावातून टॉमकॅटचे भाग फिरत फिरत इराणला जातात अशी धास्ती बसली. २००७ मध्ये संरक्षण खात्यानं या भागांची विक्रीच थांबवली आणि वाळवंटात उभी असलेली विमानं कात्रीच्या यंत्रात घालून त्यांचे तुकडे केले. ज्या विमानावर हॉलिवूडनं सिनेमा काढला, त्याचा चिवडा झाला.

आपल्यालाही हा चटका बसलेला आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेनं निर्बंध लादले, आणि नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं अडली. ती बनवलेली ब्रिटनमध्ये. पण मूळ रचना अमेरिकेच्या सिकॉर्स्कीची आणि आत अमेरिकी भाग. दुरुस्तीला पाठवलेलं आपलंच सामान परत येईना.

आता राफेल-एम. २८ एप्रिल २०२५ रोजी भारत आणि फ्रान्स यांच्यात २६ विमानांचा करार झाला, सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा. २२ एका आसनाची, डेकवर उतरणारी. ४ दोन आसनांची, फक्त जमिनीवरून प्रशिक्षणासाठी. २०३० पर्यंत सगळी यायची आहेत. हवाई दलानं ३६ राफेल आधीच घेतली आहेत, आणि नौदलाचं राफेल त्यांचंच भावंड. फरक मुख्यतः हूक, दणकट केलेले पाय आणि त्यामुळे वाढलेलं काही शे किलो वजन इतकाच. म्हणजे बहुतेक सुट्या भागांचं भांडार दोघांना सामायिक वापरता येईल. मिग-२९के च्या वेळी ही सोय नव्हती असं नाही, हवाई दलाकडे मिग-२९ होतीच. पण नौदलाच्या विमानाचं इंजिन आणि बरंच काही वेगळं निघालं.

करारात एक कलम आहे त्याला कामगिरीवर आधारित देखभाल म्हणतात. साध्या खरेदीत विमान जितकं बिघडेल तितके भाग विकले जातात, म्हणजे बिघाड हा विकणाऱ्याचा धंदा. या कलमात पैसे भागांचे नाहीत, विमान किती टक्के वेळ तयार राहिलं त्याचे. हवाई दलाच्या २०१६ च्या सौद्यात पाच वर्षांसाठी ७५ टक्के विमानं तयार ठेवण्याची हमी होती. मिग-२९के चे ते सोळा टक्के आठवले की या आकड्याचं मोल कळतं. पण पाच वर्षं ही विमानाच्या आयुष्यात लहानपणाची वर्षं. भाग खरे मागायला लागतात ते पंधराव्या-विसाव्या वर्षी, जेव्हा हमी संपलेली असते आणि पुढचा करार घासाघीस करून ठरवायचा असतो.

म्हणून करारातलं दुसरं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं: राफेलच्या धडाचा सांगाडा भारतात बनवणं आणि इंजिन, संवेदक, शस्त्रं यांची देखभाल-दुरुस्ती भारतात करणं. सांगाड्याचं काम हैदराबादला टाटांकडे गेलं आहे. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासोच्या मदतीनं विमानाचा सांगाडा आणि उपकरणं जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यातली मुलं मिहानमध्ये पत्र्याला भोकं पाडतात, रिव्हेट ठोकतात, कडा घासून गुळगुळीत करतात. हे काम लहान नाही. मिलिमीटरच्या अंशात चुकलेलं एक भोक संपूर्ण पत्रा बाद करतं, आणि हा हात पुस्तकातून येत नाही. पण ज्याच्या आराखड्यावर आपण भोक पाडतो, त्याच्याच सहीनं तो भाग विमानात जातो. देशातच बनतोय म्हणून आपला झाला, असं वर्तमानपत्रांचे मथळे म्हणतात. सेमिलॅकमधला माणूस तसं म्हणणार नाही.

फरक कुठं पडतो ते डेकवर कळेल. समजा २०४० चं साल आहे. विक्रांत अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटरवर. रात्रीच्या उतरणीनंतर तंत्रज्ञाला पुढच्या चाकाच्या पायावर एक ओरखडा दिसतो. भिंग लावून, रंगद्रव्य फासून तो मोजतो: पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा केसभर खोल. पाय बदलायचा तर जहाजावर दुसरा नाही. ओरखडा घासून गोलसर करून आणखी दहा उतरणी चालतील की नाही, हे हिशेबानं सांगता येतं. पण हिशेबाला पोलादाचे आणि ताणाचे मूळ आकडे लागतात. ते आकडे गोव्यातल्या नौदलाच्या यार्डात असतील तर पहाटेपर्यंत उत्तर येईल. ते फक्त पॅरिसजवळच्या कंपनीच्या कार्यालयात असतील, तर आधी तिथं निरोप जाईल, तिथं कचेरी उघडेल, आणि उत्तराबरोबर बिलही येईल.